एक सूत कमी

सातही कप्पे एकमेकांना खेटून उभे केले आणि तरी शेवटी बोट जाईल एवढी फट उरली, तेव्हा या घरात बऱ्याच वर्षांनी कोणीच कोणाला दोष दिला नाही. ही शांतता अर्धा मिनिट टिकली.

"खूण चुकली असेल," धाकटी म्हणाली.

"खूण मी केलीये," थोरला म्हणाला.

तो पुलांचा इंजिनिअर. त्याने केलेल्या खुणांवर भरवसा ठेवून रोज हजारो माणसं नदी ओलांडतात आणि त्यांतल्या एकालाही खाली वाकून बघावंसं वाटत नाही. घरामागच्या शेडमध्ये फरशीवर सात फुटांच्या अंतरावर खडूच्या दोन रेघा मारल्या, तर सख्खी बहीण शंका काढते. तो गुडघ्यांवर बसला, स्टीलचा टेप पुन्हा लावला आणि टेपचं टोक बहिणीच्या हातात दिलं. सात फूट. सुतासारखे सरळ आणि नेमके सात फूट.

"मग कप्पे कमी आहेत," तो म्हणाला.

"सगळे?"

"ते आता बघायचं."

धाकटी शाळेत हस्तकला शिकवायची. तिने कप्प्यांकडे पाहिलं. शाळेच्या नव्या वाचनालयात भिंतीमध्ये सात फुटांचा कोनाडा होता आणि सातवीच्या मुलांच्या सात गटांनी त्यासाठी एकेक फुटाचे सात कप्पे केले होते. आधी कागदावर काढून, मग पुठ्ठ्याचा नमुना करून, मग लाकडात. एका गटाने फळ्या किंचित मागे कलत्या ठेवल्या होत्या, कारण पुस्तकं तोंडावर पडतात हे त्यांनी आठवडाभर वाचनालयात बसून पाहिलं होतं. एका गटाने सगळ्यांत जाड पुस्तक सगळ्यांत खाली ठेवायची सोय केली होती, आणि का, तर ते उचलताना त्यांच्यातलाच एकजण मागे पडला होता. एका कप्प्याला कडेने नुसतीच खोबण होती, पेन्सिलीसाठी. चार महिने गेले होते, आणि वाचनालयात लावण्याआधी कप्पे जुळवून बघायला शेडमध्ये आणले होते. उद्या सकाळी अकराला शाळेची समिती हे बघायला येणार होती आणि बघून झाल्यावर हस्तकलेची खोली पुढे चालवायची की बंद करायची ते ठरवणार होती. बंद झाली तर त्या जागी मुलांना तयार संच मिळणार होते. खोक्यात कापून आलेले तुकडे, सोबत चित्रांची पत्रिका, दीड तासात पक्ष्याचं घर. त्याला खोली लागत नाही. धाकटीही लागत नाही.

संचांचा ठराव समितीवरच्या एका सदस्येने मांडला होता. ती सदस्या या क्षणी चहाचा ट्रे घेऊन शेडच्या दारात उभी होती.

"काय झालं?" वहिनीने विचारलं.

तिला सगळे वहिनीच म्हणतात. धाकटी म्हणते ते नात्याने. समिती म्हणते ते भीतीने.

"काही नाही," थोरला आणि धाकटी एकदम म्हणाले.

वहिनीने ट्रे रंध्याच्या बाकावर ठेवला आणि शेवटच्या कप्प्याशेजारच्या फटीत तर्जनी घातली. आरामात गेली.

तिला आनंद व्हायला हवा होता. गेल्या महिन्यात ठराव मांडताना तिने हेच तर सांगितलं होतं, की सातवीतल्या मुलाच्या हातात करवत देऊन आपण त्याला फक्त चुकायला शिकवतो. तिथे तिने सांगितलं नव्हतं ते असं, की बत्तीस वर्षांपूर्वी हे तिने स्वतः करून पाहिलं होतं. ती या घराची सून होण्याआधी सासऱ्यांची विद्यार्थिनी होती. सासरे म्हणजे मास्तर, शाळेतले हस्तकलेचे. त्यांच्या वर्गात तिने एक खण केला होता, शिवणाच्या सामानाच्या टेबलाला. वर्गातला सगळ्यांत सुबक खण. टेबलात गेलाच नाही. मास्तरांनी तो दोन्ही हातांनी दाबून पाहिला, बाहेर काढला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पुन्हा मोज." तिने मोजलं. बरोबर आलं. ते म्हणाले, "पुन्हा." बरोबर आलं. तिसऱ्यांदा ती रडली. पुढे ती त्याच घरात नांदायला आली, अठरा वर्षं तिने मास्तरांना वेळेवर औषधं दिली, त्यांचा चष्मा शोधून दिला, शेवटच्या आजारात त्यांची नखं कापली. खणाचा विषय दोघांनीही काढला नाही.

"उद्या मी काय सांगू?" तिने विचारलं.

"काही सांगू नकोस," थोरला म्हणाला. "एक पट्टी कापतो, पॉलिश करतो, फटीत ठोकून देतो. कोणाला कळणार आहे?"

"तुम्ही पुलातही असंच करता का हो?"

"पुलात मुद्दाम फट ठेवतात," तो म्हणाला. "उन्हाळ्यासाठी."

"दादा, मुलांना कळेल," धाकटी म्हणाली.

"मुलांना काय कळतंय."

"त्यांनीच केलेत ते कप्पे. त्यांना नाही कळणार तर कोणाला कळेल?"

वहिनीने नणंदेकडे पाहिलं. तीन वर्षांपूर्वी मास्तर गेल्यानंतर शेडच्या चाव्यांवरून झालेल्या अबोल्यापासून या दोघी एकाच बाजूला उभ्या राहिल्याची नोंद नव्हती. "तिचं बरोबर आहे," वहिनी म्हणाली, आणि बोलून झाल्यावर तिलाच जरा विचित्र वाटलं.

अल्पमतात गेलेला माणूस करतो ते थोरल्याने केलं, म्हणजे मोजायला घेतलं. पहिला कप्पा: अकरा इंच सात सूत. दुसरा: अकरा इंच सात सूत. इंचाचे आठ भाग केले की त्यातल्या एका भागाला सुतारकामात सूत म्हणतात, आणि प्रत्येक कप्पा बरोबर एक सूत कमी होता. तिसरा, चौथा, सातवा. सात वेगवेगळे गट, अठ्ठावीस हात, त्यातला एकजण डावखुरा, आणि चूक सगळ्यांची नेमकी एकच.

"हे शक्य नाही," थोरला म्हणाला. चुकीत एवढी शिस्त त्याने नोकरीतही पाहिली नव्हती.

"पट्ट्या," धाकटी म्हणाली.

वर्गाचा पहिल्या दिवसाचा रिवाज पंचेचाळीस वर्षं बदललेला नव्हता. मास्तर निवृत्त झाल्यावर धाकटीने वर्ग घेतला, तेव्हा तिनेही तो तसाच ठेवला. मुलाने सगळ्यांत आधी स्वतःची फूटपट्टी करायची. लाकूड तासायचं, कागद मारायचा आणि थोरल्या पट्टीशेजारी ठेवून तिच्यावरच्या खुणा आपल्या पट्टीवर उतरवून घ्यायच्या. थोरली पट्टी म्हणजे मास्तरांनी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात केलेली सागाची पट्टी. ती नकलायची वेळ आली की मुलं हात धुऊन येत. ज्याची पट्टी झाली नाही त्याला लाकडाला हात लावायची परवानगी नव्हती. बाजारातला टेप वर्गात आणलेला मास्तरांना चालत नसे. दुसऱ्याच्या मापानं मोजायचं तर दुसऱ्यानंच केलेलं विकत घ्या, असं ते म्हणत, आणि मग मुलं निमूटपणे पट्टी तासत.

वर्गातलं काम झालं की थोरली पट्टी घरी येई; आता ती शेडच्या भिंतीवर खिळ्याला लटकत होती. थोरल्याने ती काढली आणि टेपशेजारी ठेवली. दुसऱ्या इंचापासून बाराव्या इंचापर्यंत खुणा अशा जुळल्या, की स्टीलच्या टेपला मत्सर वाटावा. पहिला इंच मात्र सात सुतांचा होता.

त्याने पट्टीच्या टोकावरून अंगठा फिरवला. साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत.

"टोक घासलं बाबांनी," तो हळू म्हणाला. "खुणा करून झाल्यावर. मुलांच्या हाताला टोचू नये म्हणून घासलं असणार. घासता घासता एक सूत गेलं."

ज्यांनी मास्तरांना कामावर पाहिलं होतं त्यांना त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. घाई हा त्यांचा दोष कधीच नव्हता. ते फक्त थांबत नसत. दाराला पॉलिश करताना त्यांनी एकदा कडीच्या खुणेपर्यंत दार पातळ केलं होतं, आणि तरी म्हणत होते, अजून जरा हवं.

थोरला बाकावर बसला. त्याच्या डोळ्यांसमोर आता कप्पे नव्हते. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा ड्रॉइंगचा वर्ग होता. घरची पट्टी घेऊन तो मोठ्या ऐटीत गेला होता. प्रोफेसरांनी त्याचा कागद उजेडात धरला आणि विचारलं, बाकी सगळं ठीक आहे, पण एवढी एकच चूक प्रत्येक रेघेत कशी काय करतोस? त्या संध्याकाळी त्याने बाजारातून स्टीलची पट्टी घेतली आणि लाकडाची ट्रंकेच्या तळाशी टाकली.

"मला वाटलं, माझी पट्टी मीच नीट उतरवली नाही," तो म्हणाला. "बाबांना काय सांगणार, त्यांच्या मुलालाच फूटपट्टी जमली नाही म्हणून? मग लाकूडच सोडलं मी. एवढी वर्षं बाबा समजत होते, मला पुलांची आवड आहे."

"नाहीये?" वहिनीने विचारलं.

"आता आहे. सवयीनं."

"मग मी," वहिनी म्हणाली आणि थांबली. तिने कपाचा कान दोन बोटांत धरला होता, उचलला नव्हता. "माझी पट्टी त्या आठवड्यात हरवली होती. मी कंपासपेटीतल्या प्लॅस्टिकच्या पट्टीनं मोजलं होतं. चोरून."

थोरल्याने आणि धाकटीने एकमेकांकडे पाहिलं. हा खणाचा विषय, एवढं दोघांनाही समजलं. खणाचा विषय निघेलसं वाटलं की या घरात पंख्याचा वेग कमी करायला कोणीतरी उठत असे.

"म्हणजे माझं माप बरोबर होतं," वहिनी म्हणाली. "अख्ख्या वर्गात एकटीचं बरोबर होतं."

"एक सूतच ना?"

हे आई म्हणाली. शेडला लागून असलेल्या खोलीत तिचं शिवणयंत्र होतं, मधलं दार उघडं होतं, आणि वाचनालयाच्या पडद्याला ती दुपारपासून दुमड घालत होती. तिने वर पाहिलं नव्हतं.

"आई, तुला माहीत होतं?" धाकटीने विचारलं.

"लग्नानंतर दुसऱ्या आठवड्यात कळलं. ह्यांनी मशीनला फळी करून दिली. माझा टेप एक सांगतो, ह्यांची पट्टी एक सांगते. म्हटलं, असेल. मी आपली तेव्हापासून या घरातलं काहीही शिवताना एक सूत सोडते."

"आणि काचवाला?" थोरल्याने विचारलं. "बाबांनी दिलेल्या मापाची काच दरवेळी परत कापावी लागायची, तेव्हा ते त्याला ओरडायचे."

"त्याला मी मागच्या दारानं चहा द्यायची."

"बाबांना नाही सांगितलंस?"

आईने चाक हाताने थांबवलं. सांगायचं की नाही, हा प्रश्न तिने बत्तीस वर्षं धाग्याच्या रिकाम्या रिळासारखा बाजूला ठेवला होता. वापर नव्हता, पण टाकवतही नव्हता. माणूस गेल्यावर त्याची गंमत सांगता येते. त्याचा भित्रेपणा सांगावा का? समोर मुलगा होता, मुलगी होती, आणि दारापर्यंत आलेली सून होती. आईने सुनेकडे पाहिलं आणि ठरवलं.

"एकदा सांगितलं," ती म्हणाली. "खणाच्या दिवशी संध्याकाळी हे घरी आले, बूटसुद्धा काढले नाहीत. पिशवीतून खण काढला आणि म्हणाले, तुझा टेप दे. मोजला. परत मोजला. मग मला विचारलं, तुला माहीत होतं? म्हटलं, हो. म्हणाले, बोलली नाहीस ती? म्हटलं, तुम्ही मोजायला टेप मागितलात कधी?"

"मग?" वहिनी म्हणाली.

"मग जेवले नाहीत. चारशे मुलांनी त्या पट्टीवरून पट्ट्या केल्या होत्या तोवर. म्हणाले, चारशे घरांत जाऊन काय सांगू? आणि वर्गातली टेबलं, कपाटं, सगळं त्याच मापाचं. नवी पट्टी केली तर नव्या मुलांचं जुन्यात काही बसायचं नाही. अशी कारणं पुष्कळ सांगितली त्यांनी. खरं एकच होतं. भ्यायले."

मास्तरांबद्दल हे क्रियापद या घरात आजवर वापरलं गेलं नव्हतं.

"मला तरी सांगायचं," वहिनी म्हणाली. आवाज चढला नव्हता. समितीत तिचा आवाज असा लागला की लोक कागद सारखे करू लागत. "चारशे जाऊ द्यात. मी याच घरात होते. रोज दोन वेळा समोर जेवायला वाढत होते."

"हो," आई म्हणाली. "सांगायला हवं होतं."

मग तिने यंत्राशेजारची बटणांची पेटी पुढे ओढली. लांबट, काळपट लाकडाची, एका खणाची पेटी. ती घरातल्या सगळ्यांनी इतकी वर्षं पाहिली होती, की ती कोणालाच दिसत नव्हती. आईने खण ओढून काढला, बटणं पडद्याच्या कापडावर ओतली आणि खण उलटा करून सुनेपुढे धरला. तळाला पेन्सिलीने तेवीस आकडा होता. दोनाला शेपटी जरा जास्त.

तेवीस हा सातवीतला वहिनीचा हजेरी क्रमांक.

"रविवारभर बसून केली पेटी," आई म्हणाली. "माझ्या टेपनं मोजून. खणाला हात लावला नाही, फक्त पुढून शोभेची पट्टी लावली. तासून लहान केला असता तर दहा मिनिटांचं काम होतं. म्हटलं, तासा की. तर म्हणाले, खण बरोबर आहे, त्याला का तासायचं."

वहिनीने खण हातात घेतला. पेटीच्या तोंडाशी टेकवला आणि एका बोटाने ढकलला. खण आत गेला आणि जाता जाता आतली हवा दबल्याचा बारीक उसासा आला. असा आवाज फक्त नेमक्या मापाच्या खणाला येतो. थोरला इंजिनिअर, त्याने मान डोलावली. वहिनीने खण बाहेर काढला, पुन्हा ढकलला. पुन्हा तोच आवाज. हे तिने पाच-सहा वेळा केलं.

"या घरात बरोबर मापाची ही एकच वस्तू आहे," आई म्हणाली. "बटणं भर आता त्यात. पडदा राहिलाय माझा."

वहिनीने बटणं भरायला घेतली. धाकटी तिच्याशेजारी जमिनीवर बसली आणि तीही भरू लागली. काळी एकीकडे, पांढरी एकीकडे. असं वेगळं करायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"उद्या मला काय विचारशील ते आज सांगून ठेव," धाकटी म्हणाली.

"उद्या मी विचारणार नाही. अध्यक्ष विचारतील."

"आणि तू?"

"मला अजून राग आलेला आहे," वहिनी म्हणाली. "तो कोणाचा, ते ठरायचंय."

थोरल्याने फटीत ठोकायला मघाशी बाजूला काढलेली पट्टी गुपचूप लाकडांच्या ढिगात परत ठेवली.

अध्यक्षांचं चष्म्यांचं दुकान होतं, त्यामुळे फट त्यांनाच पहिल्यांदा दिसली. वाचनालयाच्या कोनाड्यात सात कप्पे उभे होते, खिडकीला आईचा नवा पडदा होता, सातवीची मुलं भिंतीला लागून अशी उभी होती, की जणू तीही कोणीतरी तासून ठेवली आहेत. अध्यक्षांनी सगळे कप्पे पाहिले, कलत्या फळीवर एक पुस्तक ठेवून पाहिलं, आणि मग वाकले.

"हे काय?"

धाकटीने तोंड उघडलं, पण वहिनी आधी बोलली.

"ती सात सुतांची फट आहे. चूक माझ्या सासऱ्यांची. पंचेचाळीस वर्षांपूर्वीची. मुलांनी त्यांच्या पट्टीबरहुकूम काम केलंय, मुलांचं काम चोख आहे."

"संचामध्ये अशी फट राहिली असती का?"

"नाही. संच बरोबर मापानं कापून येतात."

"मग ठराव तुमचाच आहे, वहिनी."

"हो. मी तो मागे घेते."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. हे ते नेहमी दुसऱ्यांना सांगत, स्वतः क्वचित करत. "कारण?"

वहिनीने रात्रभर शोधलेलं कारण भाषणात बसणारं नव्हतं. "संच चुकला तर तो दुकानात परत जातो," ती म्हणाली. "इथे चुकलं तर कोणालातरी रविवारभर बसावं लागतं."

अध्यक्षांना हे समजलं असं म्हणवत नाही. त्यांनी मुलांकडे वळून विचारलं, "बरं, मग या फटीचं काय करायचं?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. पेन्सिलीच्या खोबणीवाल्या गटातली एक मुलगी पुढे आली, फटीत बोटं घालून ती किती खोल आहे ते बघितलं आणि म्हणाली, "आमच्या पट्ट्या इथे उभ्या ठेवता येतील. नाहीतरी आता त्यांनी मोजायचं नाहीये ना."

खोली एक वर्षासाठी चालू ठेवावी असं ठरलं. मोजमापाची साधनं तपासून घ्यावीत अशी अट इतिवृत्तात घालण्यात आली, सूचक वहिनी.

पुढच्या आठवड्यात धाकटीने नव्या मुलांना पट्ट्या करायला बसवलं. थोरली पट्टी वाचनालयातल्या फटीत इतर पट्ट्यांबरोबर उभी होती. तिच्या जागी थोरल्याने पाठवलेली स्टीलची पट्टी होती, सोबत चिठ्ठी: "ही घासू नकोस." एका मुलाने तासलेल्या पट्टीच्या टोकावर अंगठा फिरवला आणि तक्रार केली, "हे टोचतंय."

"मग घास," धाकटी म्हणाली. "गुळगुळीत होईपर्यंत घास. खुणा त्यानंतर."

पंचेचाळीस वर्षांत अभ्यासक्रमात झालेला हा पहिला बदल.